एका लाथेची भिंत

माझा मामा गवंडी. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण अजून कुणी विचारलं तर गवंडीच सांगतो. हाताखालची माणसं त्याला पाठीमागे 'ओळंबा' म्हणायची. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला दोरीला बांधून सोडतात ते वजन, तो ओळंबा. पुढे पुढे लोक तोंडावरही म्हणायला लागले, कारण मामा चिडायचा नाही, उलट खूश व्हायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत एक डोळा बारीक करून समोरची भिंत न्याहाळत बसायचा. मग हळूच म्हणायचा, "खिडकीपाशी पोट सुटलंय भिंतीचं." आई कपाळाला हात लावायची. "अरे, आधी चहा तरी येऊ दे! मग काढ लोकांच्या भिंतींची पोटं."

ही दोघंच भावंडं. आई थोरली, म्हणून तो तिला ताई म्हणायचा. त्यांचे वडीलही गवंडीच, त्यामुळे दोघांचं लहानपण विटांच्या ढिगावर गेलं. मामा विटा उचलून द्यायचा आणि आईकडे काम होतं पाणी मारायचं. नव्या भिंतीला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर सिमेंट नीट धरत नाही, बोटानं उकरलं तरी भुगा पडतो. सकाळी शाळेत जायच्या आधी आई डबा घेऊन सगळ्या ओल्या भिंतींवर पाणी मारत फिरायची. "मी पाणी पाजलेली एक भिंत अजून पडली नाही," असं ती म्हातारपणीसुद्धा ऐटीत सांगायची. मामा म्हणायचा, "हो ना, आम्ही नुसते बघ्यासारखे उभे होतो."

राहायला होती शहराच्या जुन्या भागात. तिथे बोळातून गल्ली, गल्लीतून परत बोळ, आणि कुठूनही शिरलं तरी कुठेतरी बाहेर पडायचंच. शाळेला उशीर झाला की मास्तर कोपऱ्यावर छडी घेऊन उभे असायचे. तर ही दोघं लोहाराच्या मागून शिरायची, कुणाच्या तरी न्हाणीघराला वळसा घालायची आणि मास्तर वळून बघेपर्यंत वर्गात जाऊन बसायची. मास्तरांना काय ते कळलंच नाही कधी. एक वाट बंद झाली तर दुसरी, दुसरी बंद झाली तर तिसरी. "आमच्याकडे रस्ता चुकलेला माणूससुद्धा वेळेवर पोचायचा," असं मामा सांगतो. त्यात थोडी फेकाफेक असेल, पण मी लहानपणी त्या बोळांतून फिरलेय, फार काही खोटं नाही ते.

मामा हाताशी आला त्याच सुमाराला शहर फुगायला लागलं. आधी जुन्या भागाला लागून वसाहती झाल्या. उभे रस्ते, आडवे रस्ते, चौकात किराणा आणि न्हावी. तिथली घरं मामानं बांधली. मग त्याच्या पलीकडची शेतं विकली गेली, कुठे एक तुकडा, कुठे दुसरा. ज्यानं जो तुकडा घेतला त्यानं आपले रस्ते आपल्यापुरते काढले. शेजारच्या तुकड्यातला रस्ता कुठे येऊन थांबतो हे बघायचं कुणाला पडलंय! एक मोठं गेट, आत नुसती वळणं, आणि प्रत्येक गल्ली शेवटी भिंतीला नाक लावून उभी. "पूर्वी घरं बांधून विटा उरल्या तर कंपाउंड घालायचे," मामा म्हणतो, "नंतर आधी कंपाउंड आणि मग घरं." त्याला कामाची ददात म्हणून राहिली नाही. शहराबाहेरच्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या असतील.

त्या भिंतींना रोज सकाळी शिव्या घालणारी मी. मी शाळेची व्हॅन चालवते. नवऱ्याला सोडून आईकडे आले तेव्हा लोकांनी शिवणकाम सुचवलं होतं. मी म्हटलं, बसून मला वेड लागेल, मी गाडी चालवते. माझ्या व्हॅनमध्ये एकाच बाकावर बसणारी दोन पोरं आहेत. त्यांच्या खोल्यांच्या खिडक्या समोरासमोर, एकमेकांना तोंडं वेडावतात रोज. पण मध्ये भिंत, आणि दोन कॉलन्यांची गेटं दोन दिशांना. त्यामुळे एकाला मी सगळ्यात आधी घेते आणि दुसऱ्याला सगळ्यात शेवटी. पहिला बिचारा अर्धं शहर बघून शाळेत पोचतो. "मामा, माझं निम्मं डिझेल तुझ्या भिंतींनी पिलं," असं मी त्याला म्हणायचे. तो थंडपणे म्हणायचा, "मला भिंत सांगितली, मी भिंत बांधली. वाट सांगितली असती तर वाट सोडली असती."

आणि वाट सोडायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. लांबलचक कंपाउंड बांधताना मजुरांना ये-जा करायला मध्ये एक फट ठेवायचीच असते, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई जाईल एवढी. ती सगळ्यात शेवटी बुजवतात. पण तोवर आसपासच्या लोकांना तिचा वास लागलेला असतो. कुणी त्यातून बसला जातं, कुणी दुधाला. आठवड्याभरात पायवाट पडते. मग कॉलनीतलं कुणीतरी येऊन म्हणायचं, "ओळंबामामा, एवढी राहू द्या की." मामाला तेच हवं असायचं. तो दोन्ही कडा गुळगुळीत करायचा, खाली एक सपाट दगड बसवायचा आणि लांब उभा राहून बघायचा. अशा बऱ्याच वाटा त्यानं सोडल्या. पुढे त्या एकेक करून सगळ्या बंद झाल्या.

अशाच एका कॉलनीत, अगदी शेवटच्या गल्लीतलं टोकाचं घर मामानं स्वतःसाठी घेतलं. मामी लवकर गेली, मूलबाळ नाही. त्याला टोकाचंच बरं वाटलं. घरामागे हातभर अंगण, त्यात वांग्या-मिरच्यांच्या कुंड्या, मग त्यानंच बांधलेली भिंत, भिंतीत त्यानंच सोडलेली वाट, आणि पलीकडे मोकळा माळ.

पुढे जुन्या भागातला रस्ता रुंद करायचं निघालं आणि आमचं घर त्यात गेलं. दुसरं घर बघायची वेळ आली. त्याच सुमाराला मामाच्या मागच्या माळावर नवीन कॉलनी उठत होती. मामा धापा टाकत आला. "ताई, माझ्या भिंतीला लागून घर मिळतंय. पाठीला पाठ! वाटेतून आलीस की थेट माझं मागचं दार." आम्ही घर बघायला गेलो. आईनं स्वयंपाकघर बघितलं नाही, पाणी किती वेळ येतं विचारलं नाही. मी आपली नळ सोडून बघतेय, खिडक्या उघडून बघतेय, आणि ही मागच्या दारानं बाहेर पडून त्या वाटेत उभी. एक पाय आमच्या बाजूला, एक पाय त्याच्या बाजूला. "घेतलं," म्हणाली.

ती काही वर्षं झकास गेली. सकाळी मामा हातात आपला कप घेऊन वाटेतून यायचा, कारण आमचे कप त्याला लहान वाटायचे. आई त्याच्या कुंड्यांमधल्या मिरच्या विचारल्याशिवाय तोडून आणायची. संध्याकाळी मी व्हॅन लावून घरी यायचे तेव्हा दोघं त्या सपाट दगडाशी बसून कुणाची तरी उणीदुणी काढत असायची. मी म्हणायचे, "या वयात तरी लोकांना सोडा!" आई म्हणायची, "लोक आम्हाला सोडतात का?"

मग मामाच्या कॉलनीत एक सायकल चोरीला गेली.

साधी लहान मुलाची सायकल. पण सेक्रेटरींनी सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणजे पोटापर्यंत पँट ओढणारे एक निवृत्त गृहस्थ. त्यांचं म्हणणं, चोर मागच्या वाटेनं आला. वाटेपलीकडची कॉलनी नवी, तिथे भाडेकरू राहतात, कोण कुठला काय माहीत. म्हणजे आम्ही! ठराव झाला, वाट बंद. सायकल नंतर त्याच पोराच्या गच्चीवर टाकीमागे सापडली, आणि चोर निघाला त्याचा आतेभाऊ. पण ठराव तो ठराव. तो मागे घ्यायला सेक्रेटरींचा हात कसा उचलेल!

बुजवायचं काम त्यांनी मामालाच सांगितलं. मी असते तर थापी फेकून मारली असती. मामा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, दुसरा कुणी आला तर काँक्रीट ओतून कायमचं बंद करेल. त्यापेक्षा मी करतो. मातीत लावतो विटा, वरून सिमेंटचा हात फिरवतो. दिसायला भिंत. सहा-आठ महिन्यांत हे सगळे विसरले की एक लाथ मारेन, झालं."

आईला ते पटलं. मलाही पटलं. उलट गंमत वाटली, की सेक्रेटरींना चांगला चुना लावला.

मामानं काम केलं त्या दिवशी आई आमच्या बाजूला उभी होती. थर चढत गेले तसा मामा दिसेनासा होत गेला, आधी कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. शेवटची वीट ठेवायच्या आधी तो फटीतून म्हणाला, "घाबरू नकोस ताई. एका लाथेची भिंत आहे." आई हसली. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

त्यानंतरचे काही दिवस एक गोष्ट मी बघितली आणि सोडून दिली. मी भल्या सकाळी व्हॅन काढायला निघायचे तेव्हा आई मागच्या दारात उभी असायची, हातातला चहा निवत चाललेला. एकदा विचारलं, "काय गं, काय ऐकतेस?" ती म्हणाली, "काही नाही. मामा पाणी मारतोय." मला वाटलं कुंड्यांना. म्हटलं, "तुझ्या मिरच्या जगतायत ना, मग झालं." ती आत गेली.

मग भिंतीवरून संसार सुरू झाला. मामा त्याच्या बाजूला स्टुलावर चढायचा, आई आमच्या बाजूला बादली पालथी घालून तिच्यावर. दोन डोकी भिंतीवर. भाजीची वाटी इकडून तिकडे, मिरच्या तिकडून इकडे. आणि रोज आईचा एकच प्रश्न, "काय रे, मारतोस का लाथ आज?" मामाचं ठरलेलं उत्तर, "उद्या मारतो. आज गुडघा दुखतोय." सगळी गल्ली हसायची. शेजारच्या बायकाही मामा दिसला की विचारायच्या, "काय मामा, लाथ कधी?" सेक्रेटरींपर्यंतही ती गंमत गेली, पण त्यांना ती गंमतच वाटली.

सहा-आठ महिने गेले, वर्ष गेलं. कॉलन्या वाढत होत्या. आमच्या पुढे आणखी एक झाली, तिच्या पुढे आणखी एक, प्रत्येकीचं गेट निराळं. हायवेला मध्ये दुभाजक बसला. आता मामाकडे जायचं तर आमच्या गेटनं बाहेर पडायचं, हायवेला लागायचं, उड्डाणपुलाखालून वळायचं, उलट्या बाजूनं परत यायचं, त्याच्या गेटवरच्या वॉचमनला नाव-गाव सांगायचं, मग कॉलनीतली सगळी वळणं घेत शेवटच्या गल्लीत. रहदारी असली तर पाऊण तास. आणि मामाच्या अंगणात पोचल्यावर काय दिसतं? आमच्या मोरीचा पाइप! मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

मी मामाला म्हणायचे, "अरे, मार ना एकदाची. कमिटी काय फाशी देणार आहे?" तो म्हणायचा, "थांब, वेळ येऊ दे." मी थांबले. हे मी मुद्दाम सांगतेय. मला वाटत होतं की वाट आपल्या हातात आहे, कधीही उघडू. म्हणून कमिटीशी भांडायला कुणी गेलं नाही. नाहीतर माझं तोंड काय आहे हे माझ्या व्हॅनमधल्या पोरांच्या आयांना विचारा.

मग मामाच्या कॉलनीनं भिंतीची उंची वाढवली, वर काटेरी तार लावली. ते काम कुणा दुसऱ्याच गवंड्याला दिलं, आणि त्यानं ते इतकं वाकडं केलं की मामा तिकडे मान वर करून बघेना. आता डोकी दिसायची बंद झाली, नुसते आवाज. आई बादलीवर चढायची थांबली, तिच्यावर बसून बोलायला लागली. तिचे गुडघे गेले, मामाचं कंबरडं गेलं. वाट्या थांबल्या. मी रविवारी आईला व्हॅनमधून मामाकडे न्यायचे, पण चढता-उतरता तिला इतकं दुखायचं की महिन्यातला एक रविवार राहायचा, मग दोन, मग तीन. भिंतीशी मात्र रोज बोलणं व्हायचं. कधी कधी नुसतं, "आहेस का?" "आहे." आणि त्यानंतर, "मारतोस का लाथ?" "उद्या."

गेल्या वर्षी आई आजारी पडली. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. मी तिची खाट मागच्या खोलीत, खिडकीपाशी आणली, म्हणजे मामाचा आवाज तरी येईल. तो तिकडून मोठ्यानं बोलायचा, पण आता आईचा आवाज भिंत ओलांडायचा नाही. म्हणून तो रिक्षानं यायला लागला. येताना कंबर धरून यायचा, जाताना कंबर धरून जायचा.

त्या सकाळी आईचा श्वास लागला. मी भिंतीशी जाऊन ओरडले, "मामा, लगेच ये!" तो म्हणाला, "निघालोच," आणि त्याच्या पुढच्या दाराची कडी वाजलेली मी ऐकली. एवढा जवळ होता तो. मी आत येऊन आईजवळ बसले. तिनं विचारलं, "येतोय?"

"निघालाय."

"कुठून?"

"रस्त्यानं, आई."

तिनं डोळे मिटले. "मग वेळ आहे," म्हणाली.

पुलाखाली एक ट्रक बंद पडला होता. मामा पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. तो आईजवळ बसला, तिचे पाय हातात घेतले, रडला नाही. मग मागच्या दारात गेला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मला वाटलं आता मारतो लाथ. मला तेव्हा ती हवीच होती. पण तो आत आला आणि खोलीच्या भिंतीला टेकून खाली बसला.

आता पुढचं ऐका. आमच्या बाजूला नवीन रेल्वे स्टेशन झालं. लगेच मामाच्या कॉलनीच्या लक्षात आलं की मधली भिंत नसेल तर स्टेशन त्यांच्या दारात आहे, आणि घरांचे भाव चढतील. सेक्रेटरी तेच, पँट आणखी वर गेलेली. त्यांनी सभा घेतली आणि एकमतानं ठराव केला, वाट उघडायची! इतकी वर्षं भाडेकरू चोर होते, ते आता 'आपले शेजारी' झाले. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही, बोलले असते तर पोलीस आले असते.

उघडायच्या दिवशी दोन्ही बाजूंना लोक जमले. सेक्रेटरींनी मामाला पुढे केलं. "मामा, मान तुमचा! एका लाथेची भिंत आहे ना? मारा!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी व्हॅन घेऊन फेऱ्यानं त्याच्या बाजूला गेले होते, कारण मला ती लाथ बघायची होती. आईच्या वतीनं.

मामा भिंतीजवळ गेला. तळहात तिच्यावर ठेवला. लोक म्हणायला लागले, "मारा, मारा!" मग तो न वळताच म्हणाला, "लाथेनं नाही पडायची ही. ब्रेकर बोलवा."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. ब्रेकर आला, एक दणकट मिश्यावाला माणूस मशीन छातीशी धरून भिंतीला भिडला. दुपारपर्यंत नुसता खडखडाट. वरचे वाकडे थर लगेच सांडले. खालचे मात्र सुटेनात. वीट फुटायची पण सांधा सुटायचा नाही. मिश्यावाल्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "कुणी बांधली हो ही? काय काम आहे! असं काम आता बघायला मिळत नाही." सगळ्यांनी मामाकडे बोट केलं. मामानं मान खाली घातली. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी तो एक डोळा बारीक करून जगला, ते मिळालं तेव्हा त्याला तोंड लपवायला जागा नव्हती.

लोक पांगले. मामा विटांच्या ढिगावर बसला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ओरड," तो म्हणाला.

"ओरडणारच आहे! मातीत लावलेली होती ना? सिमेंटचा नुसता हात फिरवलेला होता ना?"

"मातीतच लावायला घेतली होती गं. दोन थर लावले. मग लांब जाऊन बघितलं, तर अशी भुसभुशीत, अशी लेचीपेची... माझ्या भिंतीत तो तुकडा. हाताला जमेना. ताई दारात यायच्या आधीच काढले ते थर, कडेच्या विटा फोडून नवीन विटा आत अडकवल्या, पक्क्या सिमेंटमध्ये लावलं सगळं. म्हटलं, जोर आहे अंगात, लाथेनं नाही तर घणानं पाडू. मग जोर राहिला नाही. आणि ताईला सांगायची लाज वाटली." त्यानं नाक पुसलं. "एवढंच बरं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लाथेची भिंत समजून हसत राहिली बिचारी."

इथे मी जीभ चावायला हवी होती. पण ते ऐकता ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या दारात उभी असलेली आई, हातातला निवलेला चहा. लहानपणी शाळेच्या आधी ओल्या भिंतींवर पाणी मारत फिरणारी आई.

"मामा, भिंत बांधल्यावर तू सकाळी पाणी मारायचास तिला?"

"मारणारच. पाणी पाजल्याशिवाय..." तो थांबला.

"आई ऐकायची," मी म्हटलं. "रोज दारात उभी राहून ऐकायची. मला म्हणाली होती, मामा पाणी मारतोय. मी गाढव, मला वाटलं कुंड्यांना. लाथेनं पाडायच्या भिंतीला कुणी पाणी पाजतं का? तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मामा माझ्याकडे बघत राहिला. ब्रेकरवाला मशीनची वायर गुंडाळून निघून गेला.

"मग रोज विचारायची ती?" मामा म्हणाला. "मारतोस का लाथ आज, म्हणून?"

मी मान डोलावली.

"मला वाटायचं चेष्टा करते."

"चेष्टाही करत असेल," मी म्हटलं.

"नाही गं. वाट बघत होती. मी एकदा म्हणावं, ताई, नाही पडायची ही, मी पक्की बांधली. रोज विचारत होती आणि मी रोज 'उद्या' म्हणत होतो." मग त्यानं विचारलं, "म्हटलं असतं तर काय केलं असतं तिनं?"

मी खोटं कशाला बोलू? "चार शिव्या घातल्या असत्या तुला. मग मला सांगितलं असतं. आणि मी त्या सेक्रेटरींच्या गेटसमोर व्हॅन आडवी लावून वाट उघडून घेतली असती. पहिल्याच वर्षी."

तो मान हलवत राहिला, कितीतरी वेळ. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यासाठी रडूही येत होतं, दोन्ही एकदम. मी त्याला उठवून घरात नेलं, चहा करून दिला आणि व्हॅन घेऊन, उड्डाणपुलाखालूनच, घरी आले. त्या नव्या वाटेनं जायला माझा पाय उचलेना.

वाटेच्या फुटक्या कडांचं काम मामा दुसऱ्या कुणाला करू देईना. थरथरत्या हातानं दोन दिवस लावून मामानं त्या स्वतःच सारख्या केल्या, खाली जुना सपाट दगड परत बसवला. नव्या कामाला पाणी लागतं. सकाळी व्हॅन काढायच्या आधी मी आईची बादली सुलटी केली, भरली आणि मारलं पाणी. मामाच्या खिडकीचा पडदा हलला, पण तो बाहेर आला नाही.

आता त्या वाटेतून दिवसभर माणसं जातात. स्टेशनला जाणारे, दूधवाला, माझ्या व्हॅनमधली पोरं. सेक्रेटरी संध्याकाळी आमच्या बाजूला फिरायला येतात आणि मला नमस्कार करतात. एक मामा तेवढा येत नाही. त्याचं मागचं दार ते माझं मागचं दार, मध्ये आता काहीच नाही. मी रोज सकाळी वाटेत उभी राहून हाक मारते, "मामा, येतोस का आज चहाला? तुझा कप आण."

आतून आवाज येतो, "उद्या येतो. आज गुडघा दुखतोय."